बन्सीधरची बाज आणि उलटी केबल

बन्सीधर मिस्त्रीच्या हाताला यश आहे असं येलदरी धरणाच्या पाण्याकाठच्या त्या गावात एकच माणूस म्हणायचा, आणि तो म्हणजे खुद्द बन्सीधर. विहिरीवरची मोटर असो, ट्रॅक्टर असो की पिठाची गिरणी, खोलायचा मात्र मोठ्या झोकात. खोलण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या जिंतूर तालुक्यात कोणी नव्हता. पंचाईत व्हायची ती परत जोडताना. जोडून झालं की दोन-चार नट उरायचे. ते खिशात टाकत तो म्हणायचा, "कंपनीवाले उगंच जास्तीचे लावतेत."

त्याच्या बायकोनं, कमलबाईनं, हे सगळं सोसलं. पण एकदा त्यानं दुरुस्त केलेल्या लुनावर ती मागं बसली, आणि उतारावर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायच्या ऐवजी हॉर्न वाजला. ओढ्याच्या चिखलात, नव्याकोऱ्या लुगड्यानिशी बसून तिनं जाहीर केलं, "आजपासून ज्याला तुमचा पाना लागला, त्याच्यात मी बसनार न्हाई!" आणि बाई शब्दाची पक्की. घरातल्या झोपाळ्याची कडी त्यानं बदलली, तर ती झोपाळ्यावरसुद्धा बसेना. गाव हसलं तर हसू दे, गावाला दुसरं काम काय असतं? पण घरचं माणूस आपल्या कडीवर इतबार ठेवत नाही, हे बन्सीधरला फार लागायचं.

अशात त्यानं नाव घेतली. कुठल्याशा बंद पडलेल्या जलविहाराची, लिलावातली. खाली दोन लांबलचक पोकळ नळकांडी, त्यांवर सपाट फळी, कडेनं कठडा, डोक्यावर कापडी छत, मागं इंजिन आणि पुढं मोटारीसारखं गोल स्टेअरिंग. गावानं पहिल्याच दिवशी तिला नाव ठेवलं, 'बन्सीधरची बाज'. धरणाला वळसा घालून पैलतीरी जायचं तर अर्धा दिवस मोडायचा, म्हणून हसत का होईना, सगळे बाजेवर बसायचे. कमलबाई सोडून. छताचे नट नवऱ्यानं आवळलेत, एवढं कारण तिला पुरेसं होतं.

पण पैलतीरी तिची धाकटी बहीण विजयमाला राहायची. तिला नात झाली, बारसं ठरलं, आणि बाळाला पाळण्यात घालायचा मान मावशीआजीचा, म्हणजे कमलबाईचा. रस्त्यावरच्या पुलाचं काम निघाल्यानं एसटी बंद. दोन दिवस विचार करून कमलबाई म्हणाली, "येते तुमच्या बाजेवरून."

बन्सीधरला आभाळ ठेंगणं झालं. आणि नेमकं त्याच दिवशी स्टेअरिंग जाम झालं.

स्टेअरिंगपासून मागच्या इंजिनापर्यंत एक जाड केबल जायची. चाक फिरवलं की ती इंजिनाचं तोंड वळवायची. आतली तार गंजून झिजली होती, वरचं आवरण फाटलं होतं. बन्सीधर परभणी गाठून स्पेअरपार्टच्या दुकानात गेला आणि म्हणाला, "नावेची केबल पाहिजे."

"कुनाच्या नावे?" दुकानदारानं विचारलं.

"नावेची!"

"तेच विचारायलोय ना मालक, बिल कुनाच्या नावे करू?"

शेवटी केबल मुंबईहून कुरिअरनं आली, ती थेट बारशाच्या दिवशी सकाळी. बन्सीधर स्टेअरिंगखाली उताणा शिरला. तिथल्या लोखंडी डबीला केबल आत जायला दोन तोंडं होती, एक डावीकडं, एक उजवीकडं. जुनी कुठल्या तोंडातून काढली हे त्याला आठवेना. खोलताना आठवण ठेवायची असते, हे त्याच्या शास्त्रात बसतच नव्हतं. मग हाताला आलं त्या तोंडात त्यानं केबल खुपसली, नट आवळले, आणि नवल म्हणजे एकही नट उरला नाही.

आता तपासणी. त्यानं काठावरच चाक डावीकडं फिरवलं आणि गर्रकन वळून मागं इंजिनाकडं पाहिलं. इंजिनाखालचा पंखा त्याच्या डाव्या हाताला गेला होता. "वा रे पठ्ठ्या!" तो स्वतःलाच म्हणाला. आपण वळून उभे आहोत, म्हणजे आपला डावा हात आता नावेच्या उजव्या अंगाला आहे, एवढं मात्र ह्या पठ्ठ्याच्या ध्यानात आलं नाही.

तेवढ्यात कमलबाई आली. डोक्यावर पदर, हातात कुंची-झबल्याची पिशवी, बरोबर शेजारच्या वच्छलाबाई. काठावर थांबून तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "पान्यात चालवून बघितली का?"

"दोनदा," बन्सीधर म्हणाला.

बोलून गेला बिचारा. पाळण्याची वेळ होत आली होती, आणि 'न्हाई' म्हटलं असतं तर ती माघारी फिरली असती. कमलबाईनं पिशवी काखेत मारली. मग बाजेवर चढली आणि कठडा धरून बसली. बन्सीधरची छाती फुगली.

पण बाज काठापासून थोडी पुढं जाईपर्यंतच ती फुगलेली राहिली. डाव्या अंगाला पाण्यात बुडालेल्या बाभळींचे खुंट होते, म्हणून त्यानं चाक उजवीकडं फिरवलं. बाज डावीकडं निघाली. त्यानं आणखी उजवीकडं फिरवलं, तशी ती तावातावानं खुंटांकडंच जायला लागली. मग बन्सीधरच्या डोक्यात उजेड पडला. केबल उलटी बसली! घाबरून त्यानं चाक दुसरीकडं फिरवलं, बाज सुटली. पण हाताची सवय कुठं जाते? पुन्हा चुकीचं, पुन्हा दुरुस्त. बाज पाण्यात नागमोडी पळायला लागली.

"अगं बाई, मजा करायलेत भावजी!" वच्छलाबाई टाळी वाजवून म्हणाल्या.

"पा... पानी दाखवायलोय तुमाला सगळीकडचं," बन्सीधर म्हणाला. अंगावरचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. आपल्यासारखा गाढव धरणात दुसरा नसेल, याबद्दल त्याची आता खात्री झाली होती. खुंट पुन्हा समोर आले. डावं की उजवं, त्याला काही सुधरेना. जिवाचं भ्याव नव्हतं इतकं, पण कमल मागं बसली होती.

"अवो!" मागून कमलबाईचा आवाज आला. "आता कुनीकडं फिरवावं वाटायलंय तुमाला?"

"उ... उजवीकडं!"

"मग डावीकडं फिरवा!"

त्यानं फिरवलं. बाज अलगद वळली, खुंट बाजूनं निघून गेले.

"आता?"

"डावीकडं वाटायलंय."

"मग उजवीकडं! तुमाला जे बरोबर वाटंल त्याच्या उलटं करा, हे मी लग्न झाल्यापासून सांगायलेय. आज ऐकलाव."

असं विचारत, सांगत बाज पैलतीराला लागली.

बारसं थाटात झालं. कमलबाईनं बाळाला पाळण्यात घातलं, आत्यानं कानात कुर्र केलं. मग बायकांनी तिला गराडा घातला, "नाव घ्या, नाव घ्या!" बन्सीधर बाहेर ओट्यावर पुरुषांत बसला होता. आतून कमलबाईचा खणखणीत आवाज आला:

"चाक फिरवलं डावीकडं, बाज गेली उजवीकडं,
बन्सीधररावांचं नाव घेते, ध्यान ठेवते मी ह्यांच्याकडं!"

आत हशा, बाहेर हशा. बन्सीधरही हसला, दुसरं करतो काय? मग पाना उचलून गुपचूप पाण्याकडं गेला. स्टेअरिंगखाली पुन्हा उताणा झाला, केबल काढली आणि दुसऱ्या तोंडात बसवली. बाहेर डोकं काढतो तर कमलबाई काठावर उभी, हातात घुगऱ्यांची वाटी.

"कमल," तो म्हणाला, "मी चालवून बघितली नव्हती. खोटं बोललो."

"ठाऊक हाय."

"कसं काय?"

"बाज पान्यात ढकलायची तर गुडघ्याएवढं भिजावं लागतंय. तुमचं धोतर कोरडं ठन्न होतं."

बन्सीधर उठून बसला. "मग बसलीस कशाला?"

"मी न्हाई बसले तरी तुमी वच्छलाबाईला घेऊन निघालाच असताव," ती चिडून म्हणाली. "मग तिथं मधी उलटं फिरवा म्हनून कोन सांगितलं असतं तुमाला? बाभळी?"

बन्सीधरनं पाना धोतराला पुसून खाली ठेवला.  

"आता सरळ बसली का?" तिनं विचारलं.

"बसली."

"चालवून बघितलाव?"

'दोनदा' हा शब्द त्याच्या जिभेच्या टोकापर्यंत आला. त्यानं तो गिळला. "न्हाई," तो म्हणाला.

कमलबाईनं वाटी त्याच्या हातात दिली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि पाण्यात उतरून बाजेला खांदा लावला.

"चला मग," ती म्हणाली, "बघू दोघं मिळून."