चाळीस पडद्यांवर बादल

पनवेलच्या आमच्या विद्यापीठातली संगणकाची लॅब अकरा वर्षं माझ्या ताब्यात आहे. भिंतीवर चौदा नियम मी स्वतः टाईप करून लावलेत. ते आजवर कुणीही वाचलेले नाहीत, हे मला माहीत आहे आणि त्याचा मला भयंकर राग येतो.

त्या दिवशी अकराला तपासणी समिती यायची होती. लॅबमध्ये नियम पाळले जात नाहीत अशी तक्रार गेली होती. ती खरी निघाली तर माझं इन्चार्जपद जाणार होतं. साडेदहाला दार उघडून पाहतो तर चाळीसही पडद्यांवर एक बैल. कपाळावर गुलाल, डोळ्यांवर गॉगल, गळ्यात सोन्याची चेन. वर 'बिनजोडचा बादशहा बादल यास वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा', शेजारी भली मोठी तारीख आणि खाली शुभेच्छुकांचे बारा फोटो. त्यात सगळ्यांत मोठा माझा.

गुन्हेगार शोधावे लागलेच नाहीत, फोटोखाली नावं होती. पहिलं आमच्याच विद्यार्थ्याचं, बेलपाड्याच्या दीपेशचं. बिनजोड, म्हणजे एकास एक शर्यती मारणारा हा बैल त्याच्याच घरचा. त्याला बोलावून मी सहावा नियम ओरडून वाचला: विद्यापीठाचे संगणक खासगी कामासाठी वापरू नयेत.

"खासगी नाय सर," तो शांतपणे म्हणाला. "बादल सगल्या गावाचा हाय."

बॅनर काढायला दोन मिनिटं पुरली असती. पण माझं डोकं फिरलं. बाकीचे तेरा नियम ओरडून होईपर्यंत समितीच्या अध्यक्षा, किशोरी मॅडम, दारात उभ्या होत्या.

त्यांनी बैलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग फोटोतल्या माझ्याकडे. हे कुणाच्या लॉगिनने लावलंय, एवढंच विचारलं. सगळे पडदे एकदम बदलू शकेल असं लॉगिन लॅबमध्ये एकच आहे, माझं.

दीपेशने लगेच कबुली दिली. पासवर्ड कुठून मिळाला असं विचारल्यावर त्याने माझ्या मॉनिटरकडे बोट दाखवलं. तिथे मीच चिकटवलेली चिठ्ठी होती. तिच्यामागे भिंतीवर पहिला नियम: पासवर्ड कुणालाही दिसू देऊ नये.

"पोरांनी नियम वाचले नाहीत, समजू शकते," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही तर टाईप केलेत."

मी लाजेने पाणी पाणी झालो. शेवटी त्यांनाच दया आली. आधी पासवर्ड इथेच बदला, मग बॅनर काढा, मी पद तुमच्याकडेच ठेवते, असं त्या म्हणाल्या. मी नवा पासवर्ड टाकायला बसलो. बायकोचा वाढदिवस, लग्नाची तारीख, काही म्हणता काही आठवेना. समोर चाळीस वेळा एकच तारीख दिसत होती. तीच टाकली.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर चाळीसही पडद्यांवर मी. गॉगल, चेन, सगळं. 'कुमार सरांचं इन्चार्जपद कायम राहिल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. शुभेच्छुकांत पहिला आणि सगळ्यांत मोठा, बादल.

या वेळी मी ओरडण्यात वेळ घालवला नाही. आधी मोबाईलवर फोटो काढला, मग बॅनर काढला.