एक बाजू चालू

मोनिकानं पडद्यावरचा रस्ता बंद केला. निळे ठिपके क्षणभर अडखळले, मग एकेक करून मागच्या गल्लीकडे वळले. बाजेवर पडल्या पडल्या सूर्यभानकाका मान तिरपी करून लॅपटॉपकडे बघत होते.

"ह्या मोटारी हायत व्हय?"

"हो काका. पाइपलाइनसाठी अमरधामचा रस्ता खोदायचाय. खरं खोदण्याआधी इथं खोदून बघायचं. कुठं कोंडी होते ते कळतं."

"मग काय कळलं?"

"पूर्ण बंद केला तर काम पावसाळ्याआधी उरकेल."

"कवा बंद करनार?"

"एक तारखेला."

काकांनी नुसतं हं केलं आणि भिंतीकडे कूस बदलली. पोटातल्या गाठीवर आता करण्यासारखं काही उरलं नाही, असं सांगून दवाखान्यानं त्यांना घरी पाठवलं होतं. मोनिका मूळची पारनेरची. नगरात नोकरी लागल्यापासून त्यांच्याच घरात भाड्यानं राहत होती.

दुसऱ्या दिवसापासून पेजेची वाटी भरलेलीच परत येऊ लागली. छबूकाकू ती मोरीत ओतून वाटी घासायला घेत. एका सकाळी मात्र त्या मोनिकाजवळ थांबल्या.

"त्या दिसापास्नं तोंडच मिटलंय बघ. म्हनतात, रस्ता हाय तवर निघालेलं बरं."

"असं का म्हणतात?"

"अगं, आपल्या दुकानाम्होरंच विसावा न्हाई का." काकूंनी रिकामी वाटी पदरानं पुसली. "म्हनतात, माझ्याम्होरं लई जनांना टेकवलं. माझी पाळी आली की खड्डा नको."

विसावा मोनिकाला ठाऊक होता. तिरडी वाटेत दगडापाशी घडीभर टेकवतात, खांदेकरी जागा बदलतात, मग पुढं निघतात. काकांचं सायकल दुरुस्तीचं दुकान त्या दगडासमोरच होतं. तिरडी आली की ते हातातलं चाक खाली ठेवून उभे राहत, खांदेकऱ्यांना पाणी देत. त्यांच्या वडिलांनाही तिथंच टेकवलं होतं.

कार्यालयात तिनं त्या रस्त्याच्या कॅमेऱ्याच्या मूळ नोंदी पुन्हा उघडल्या. अधूनमधून दगडापाशी सगळी वाहनं एकदम थांबत आणि थोड्या वेळानं आपोआप सुटत. कारण सापडलं नाही म्हणून, कॅमेऱ्याचा बिघाड समजून, तिनंच त्या नोंदी गाळल्या होत्या. आता तिनं त्यातली एक जुनी, काका हिंडतेफिरते होते तेव्हाची चित्रफीत लावली. एसटी उभी होती. एक रिक्षावाला खाली उतरून हात जोडून थांबला होता. आणि दुकानाच्या दारात, हातात तांब्या घेऊन, काका.

तिनं गाळलेलं सगळं परत आत घेतलं. मग पडद्यावर एक नवा घोळका सोडला: रस्त्याच्या मधून पायी चालणारा, एका जागी थांबणारा. रस्ता पूर्ण बंद ठेवला की तो चरापाशी येऊन मागच्या गल्लीत वळत होता आणि तिथल्या ट्रकांमध्ये अडकत होता. अर्धा अर्धा रस्ता खोदला की पोहोचत होता.

अभियंता आप्पासाहेबांनी दोन्ही आराखडे शेजारी ठेवले.

"काम लांबतंय, मॅडम. पाऊस गाठला की शिव्या तुम्हाला न्हाई, मला बसतात."

"लांबतंय सर. तसं स्पष्ट लिहिलंय."

"आणि हे भर रस्त्यातून कोण चाललंय?"

तिनं चित्रफीत लावली. आप्पासाहेबांनी ती शेवटपर्यंत पाहिली. शिपाई चहा घेऊन आला, त्याला हातानंच थांबवलं. मग अर्ध्या रस्त्याचा आराखडा पुढं ओढून सही केली.

संध्याकाळी मोनिका बाजेपाशी बसली.

"काका, रस्ता बंद होत नाही. एक बाजू चालू राहील."

"दगडाकडची?"

"आधी समोरची खोदणार."

"आन मग दगडाकडची खोदतील तवा?"

"तेव्हा दगडापाशी चरावर लोखंडी पत्रे टाकणार. चालता येईल."

"खांद्यावर वजन घिऊन?"

"हो. तेही धरलंय."

काका आढ्याकडे बघत राहिले. बाहेर सुप्याच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेल्या कामगारांची बस थांबली, माणसं उतरली, बस गेली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर काकू लसूण सोलत होत्या. त्यांचे हात थांबले होते.

"छबू," काका म्हणाले, "आज पेज केली न्हाईस व्हय?"

काकू उठल्या. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला.