सार्जंट टेनंटचे बूट

"बुटांचं नाव काढायचं नाही हं, आई," माझ्या खांद्यावरची शाल नीट करत जोर्जीना पुटपुटली. "फुलं द्यायची, हसायचं आणि गप्प बसायचं."

"मी काय लहान पोर आहे?"

"लहान पोर ऐकतं तरी."

आम्ही दोघी आमच्याच शेताच्या बांधावर उभ्या होतो. समोर लाल कापडाखाली स्मारकाचा दगड होता. तो आमच्या बॅण्ड क्लबाने बसवलेला, म्हणून गावातल्या दुसऱ्या, हाडवैरी क्लबाचं चिटपाखरूही फिरकलं नव्हतं. दगडाशेजारी खुर्चीवर मिस टेनंट बसली होती. इंग्लंडहून आलेली, साधारण माझ्याच वयाची, ताठ पाठीची. पन्नास वर्षांपूर्वी, बेचाळीसच्या फेब्रुवारीत, तिच्या भावाचं लढाऊ विमान समुद्रात पडलं आणि तो आमच्या बांधावर. हवाई छत्री पुरती उघडलीच नव्हती.

तेव्हा महायुद्धात आमच्या माल्टा बेटाला चहूबाजूंनी वेढा होता. पीठ मोजून मिळायचं आणि चामडं तर बघायलाही नाही. ज्यांना जमलं त्यांनी गाड्यांच्या टायरच्या चपला केल्या. मी सतरा वर्षांची, पायाला गोणपाट बांधून शेतात जायची. त्या सकाळी त्याच्यापाशी आधी पोचलो ते मी आणि माझी आई. तो गेलेला होता, पण अंग अजून ऊन होतं. आईने त्याचे डोळे मिटले. घरात एकुलती एक होती ती काळी शाल अंगावरून काढून त्याच्यावर घातली. मग माझ्या पायांकडे बघितलं.

"त्याला आता चालायचं नाही," ती म्हणाली. "तुला चालायचंय."

बुटांच्या आत मेंढीची लोकर होती. बोटांशी चिंध्या कोंबून मी ते बूट दोन हिवाळे घातले. आईने पाद्रीबाबांपुढे पाप कबूल केलं, तर ते म्हणाले, देवाला पाय दिसत नाहीत का? पण माझं समाधान झालं नाही. दरवर्षी चर्चच्या दुःखी मातेच्या मिरवणुकीत मी अनवाणी चालते. गावाला वाटतं, माझ्या नवऱ्यासाठी, विस्तिनसाठी. बायका आपल्या नवऱ्यांना सांगतात, बघा, नवरा मेल्यावरसुद्धा बायको कशी जपते.

क्लबाचा अध्यक्ष नार्डू बोलत सुटला होता. "आवर रे," मागून कोणी ओरडलं, "दगड म्हातारा होईल!" लोक हसले, नार्डूने रागाने दोरी ओढली आणि कापड खाली आलं. नाव मी स्वतः वाचलं. अक्षरं मला पंचावन्नाव्या वर्षी आली, त्यामुळे वेळ लागला. सार्जंट राल्फ टेनंट. वय बावीस. इतकी वर्षं माझ्याकडे त्याचे बूट होते, नाव नव्हतं.

तेवढ्यात आभाळ फुटलं. आमच्याकडे फटाक्यांच्या बारांशिवाय कुठलाच समारंभ होत नाही. पाहुणीला आधी सांगून ठेवावं, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. एकामागून एक आठ बार उडाले. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी डोकं हातांत धरून जमिनीवर बसले होते. बॉम्ब पडायचे त्या दिवसांपासून मला तो आवाज सोसत नाही. डोळे उघडले तर माझ्यासमोर आणखी एक बाई तशीच बसलेली, टोपी कानावर घसरलेली.

आधी ती हसली. "लंडन," स्वतःकडे बोट करून म्हणाली.

"माल्टा," मी म्हटलं.

जोर्जीना आम्हाला उठवायला धावली. मी मिस टेनंटचा हात धरला तो सोडला नाही. "सांग हिला," मी म्हटलं, "बूट मी घेतले."

जोर्जीना इंग्रजीत काहीबाही बोलली. त्यातला प्रार्थनेचा शब्द मला कळला.

"प्रार्थना नाही गं, बूट!" मी ओरडले. मग जवळ होतं नव्हतं तेवढं इंग्रजी बाहेर काढलं. तुमचा भाऊ. बूट. मी घेतले. आणि आपल्या पायांकडे बोट दाखवलं.

मिस टेनंटने हात काढून घेतला. ती दगडाकडे वळली. मग तिने काहीतरी विचारलं. जोर्जीनाचा चेहरा उतरला होता.

"विचारतायत, मग त्याला अनवाणीच नेलं का?"

"नाही. मोजे होते. त्यांना आईने हात लावू दिला नाही. करडे, जाड. डाव्या टाचेला निळ्या लोकरीने रफू केलेला."

जोर्जीनाने सांगितलं. या वेळी सगळं सांगितलं. निळ्या लोकरीपाशी मिस टेनंट मधेच बोलली.

"म्हणतायत, करडी लोकर संपली होती," जोर्जीना हळू आवाजात सांगू लागली. "रफू त्यांनीच केला होता. तो म्हणाला होता, बुटाच्या आत कोण बघतंय?"

मग मिस टेनंटने डोळे पुसले आणि पुन्हा काही विचारलं.

"ते बूट घालून तू कुठे जायचीस, म्हणतायत."

"विहिरीवर. आणखी कुठे जाणार?"

तिकडे खाण्याच्या टेबलांपासून नार्डू हाका मारत होता, "चला, चला, पास्टिझी गार होतायत!" मिस टेनंटने तिकडे बघितलंही नाही. तिने माझ्या कोपराला धरलं आणि हनुवटीनेच विचारलं, कुठल्या बाजूला?

"अगं आई, ती वाट कसली, नुसते धोंडे!" जोर्जीना मागून म्हणाली. "त्यांच्या पायात बघ, कसले नाजूक बूट आहेत!"

बांधापासून विहीर दोनशे पावलांवर आहे. मिस टेनंट ती सगळी चालली. मधे एकदाच थांबली, माझ्या खांद्याचा आधार घेऊन बुटातला खडा काढला, आणि पुन्हा माझा हात धरला.