एकशेचाळीस पदव्यांची भिंत

परदेशी पाहुणे येणार म्हटलं की आपल्याकडे आधी कुंड्या येतात. गोरेगाव पूर्वेच्या त्या कंपनीतही सोमवारी भाड्याच्या कुंड्या आल्या, मंगळवारी बायकांच्या टॉयलेटमध्ये तीन वर्षांत पहिल्यांदा साबण आला आणि बुधवारी रिसेप्शनच्या लांब भिंतीवर पदव्या आल्या. पाहुणे पैसा गुंतवणार होते आणि त्यांना दाखवायला कंपनीकडे दुसरं होतं तरी काय? जागा भाड्याची, कॉम्प्युटर भाड्याचे. आपली म्हणावी अशी एकच गोष्ट, शिकलेली पोरं. म्हणून एकशेचाळीस जणांच्या पदव्या काळ्या चकचकीत फ्रेममध्ये बसवून रांगेनं टांगल्या होत्या. त्याही अस्सल, झेरॉक्स नव्हे. नोकरीवर घेतानाच कंपनी प्रत्येकाची मूळ पदवी सांभाळून ठेवतो म्हणून काढून घ्यायची, आणि नोकरीची गरज असलेला माणूस मुकाट देऊन टाकायचा.

तिसऱ्या रांगेतली पाचवी पदवी सपनाची. संख्याशास्त्रात एम.एस्सी., पहिला वर्ग. गोवंडीच्या एका खोलीत, शेजारचा टीव्ही कानाशी बोंबलत असताना अभ्यास करून तिनं ती मिळवली होती. इथे ती परदेशातल्या विम्याचे अर्ज तपासायची. तपासायची म्हणजे काय, तर नाव आणि जन्मतारीख जुळते का ते बघायची. दहावी झालेली मुलगी हे काम डोळे मिटून करील, पण दहावीचं सर्टिफिकेट भिंतीवर शोभत नाही ना.

सपनानं नोकरी करता करता सेट परीक्षा दिली, पास झाली आणि मुलुंडच्या एका कॉलेजात तिची निवडही झाली. कायमची, शिकवण्याची जागा. आता फक्त मूळ कागदपत्रं दाखवायची राहिली होती, गुरुवारी दुपारी दोनच्या आत. नाही दाखवली तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला.

तिनं तीन आठवडे आधी पदवी परत मागितली. एचआरच्या मृणालिनीनं आधी बघते म्हटलं, मग सर टूरवर आहेत म्हटलं आणि शेवटी सांगून टाकलं की भिंत लागली आहे, मध्येच एक जागा रिकामी दिसली तर बरं दिसणार नाही, पाहुणे गेले की शुक्रवारी घेऊन जा, एका दिवसानं काय होतंय. मृणालिनीला काय कळणार? तिची स्वतःची पदवी तिच्या घरच्या कपाटात होती.

गुरुवारी पाहुणे अकराला यायचे ते सव्वाबाराला आले. एक म्हातारा आणि एक पन्नाशीची बाई. सपना खांद्याला पर्स अडकवून भिंतीपाशीच उभी होती. कंपनीचे मुख्य जयवंत सर पाहुण्यांना एकेक फ्रेम दाखवत होते, आपली लग्नाची मुलगी दाखवावी तसे. ती बाई मध्येच थांबली. या मूळ पदव्या आहेत का, तिनं विचारलं. सर अभिमानानं हो म्हणाले. मग या मुलांच्या घरी का नाहीत, असं तिनं विचारलं, तेव्हा सपनाला वाटलं, चला, कोणाला तरी प्रश्न पडला.

जयवंत सर हसले. त्यांच्या घरी असत्या तर मुलं इथे राहिली असती का, ते इंग्रजीत म्हणाले. बाकीच्या कंपन्यांतून शंभरातले तीस दरवर्षी सोडून जातात, आमच्याकडून फक्त चार. बाईनं पुन्हा एकदा भिंतीकडे पाहिलं, खुशीनं मान हलवली आणि वहीत चारचा आकडा लिहून घेतला.

सपनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण शिकलेले म्हणून इथे मान आहे, असं इतके दिवस तिला वाटत होतं. मान कसला? बाजारात बैलाचे दात दाखवतात तसे हे कागद दाखवत होते, आणि वर दावं किती पक्कं आहे तेही सांगत होते.

ऑफिसची दुरुस्तीची कामं करणारा लवू बाजूलाच उभा होता. सपनानं त्याला तिसऱ्या रांगेतली पाचवी फ्रेम काढायला सांगितलं. लवूनं सरांकडे पाहिलं. सरांनी हळू आवाजात तिला जागेवर जायला सांगितलं आणि पाहुण्यांना मोठ्यानं सांगितलं की ही आमची सर्वांत हुशार मुलगी.

"सर, तुमच्या हुशार मुलीला दोन वाजता मुलुंडला पोचायचंय," सपना म्हणाली. "तिची डिग्री द्या."

सरांच्या हुकमाची वाट न बघता लवूनं स्क्रू काढले, मागचा पुठ्ठा काढला. सपनानं कागद हातात घेतला. पदवीची खालची चार बोटांची पट्टी गायब होती. तिच्यावरचा अनुक्रमांक गेला होता आणि कुलगुरूंची अर्धी सही.

लवू खाली बघत म्हणाला, "सायबान सांगल्यान, सगळ्यो फ्रेमी एका मापाच्यो होयेत. मोठे कागद कापूक लावल्यानी."

सर म्हणाले, डुप्लिकेट मिळते, कंपनी अर्ज करील, एवढा तमाशा कशाला. पाहुण्यांना त्यांनी जेवायला नेलं आणि पाहुणेही निमूट गेले.

सगळे कामाला बसतात त्या हॉलच्या दारात जाऊन सपना ओरडली, "आपापल्या डिग्र्या उतरवून बघा रे. कापल्यात." कोण उठलं ते बघायला ती थांबली नाही.

रिक्षानं जोगेश्वरी-विक्रोळी रस्ता पार करून ती दोनला पाच कमी असताना कॉलेजात पोचली. क्लार्क वाईट माणूस नव्हता. त्यानं कागद उलटसुलट पाहिला, प्राचार्यांना दाखवून आणला, पण नंबरच नाही तर पडताळणी कशी लिहिणार? दोन वाजले. बाहेर बाकावर बसलेली यादीतली पुढची मुलगी छातीशी फाइल धरून आत गेली. तिच्यावर तरी काय रागवायचं?

सपना रडली नाही असं सांगायला मला आवडलं असतं, पण ती रडली. मग तोंड धुतलं आणि क्लार्ककडून नकाराचं कारण लिहून, शिक्का मारून घेतलं.

संध्याकाळी ती ते घेऊन पोलीस ठाण्यात गेली, तर ऑफिसातले तीसेक जण आधीच येऊन उभे होते. प्रत्येकाच्या हातात आखूड झालेला कागद. हवालदार वैतागला होता. पदव्या तुम्हीच आपणहून दिल्या होत्या, मग तक्रार कसली, असं तो विचारत होता.

"ठेवायला दिल्या होत्या," सपना म्हणाली. "कापायला नाही."

मग गर्दीतून लवू पुढे आला.

"कापूक कोणी सांगल्यान, ता मी सांगतंय," तो म्हणाला. "माझा नाव आधी लिवा."