यंत्राची जागा

मुख्य कार्यालयाच्या पत्राला आपण अजून उत्तर दिलेलं नाही, हे ग्रंथपालांना आठवलं तेव्हा ते नव्या यंत्राची काच पुसत होते. वाचकांनी स्वतःच पुस्तकं नोंदवून न्यायची, असं ते यंत्र. कायमचं कुठे बसवायचं, एवढंच विचारलं होतं. उत्तर ठरलेलं होतं : माझ्या टेबलाला लागून. दूर बसवलं, तर आपल्याकडे कोण फिरकणार? पण ‘माझ्या’ लिहावं की ‘ग्रंथपालांच्या’, इथे पेन अडलं होतं.

मूळचेच मुखदुर्बळ. समोरच्याशी काय बोलावं ते सुचत नसे, म्हणून शिक्का मारताना विचारायला एक प्रश्न त्यांनी पाठ करून ठेवला होता, “कुणासाठी नेताय?” लोक काहीतरी सांगत आणि दोघांचीही सुटका होई.

फडकं ठेवायला ते कपाटामागे गेले, तेवढ्यात शिंपीणकाकू आल्या. या नेहमी जावेसाठी पाककृतींची पुस्तकं नेत. रिकामं टेबल बघून थबकल्या, लगबगीने दुसऱ्याच रांगेत शिरल्या आणि एक पुस्तक आणून यंत्राखाली धरलं. यंत्र ढिम्म.

“घे की मेल्या!”

ग्रंथपाल मदतीला धावले. तोवर पडद्यावर नाव उमटलं होतं : ‘प्रौढांसाठी पोहणे’.

काकूंनी पुस्तक पिशवीत कोंबलं.

“जाऊबाईंसाठी हो.”

ग्रंथपालांनी काही विचारलंच नव्हतं.

“गुडघे धरलेत त्यांचे. डॉक्टर म्हणतात, पाण्यात उतरा. आता या वयात लोक हसणार नाहीत का?”

“नाही हसणार.”

“तुम्हाला काय माहीत!” म्हणत काकू निघाल्या आणि कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत खाली उतरल्या.

ग्रंथपाल टेबलाशी येऊन बसले. मास्तर मुलीसाठी न्यायचे. औषधवाला शेजाऱ्यासाठी. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, इथली माणसं फार मायाळू. स्वतःसाठी कुणी काही नेतच नाही.

त्यांनी कागद ओढला. ‘यंत्र खांबामागे बसवावे. ग्रंथपालांच्या टेबलावरून ते दिसू नये.’ कारण लिहिलं, खोडलं. ‘वापरण्याची रीत मोठ्या अक्षरांत यंत्रावरच चिकटवावी,’ असं मात्र जोडलं.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी ते पाकीट अर्धं आत सरकवून उभे राहिले. उद्यापासून टेबलाशी बसून आपण नेमकं करायचं काय, हे काही केल्या उमगेना. मागे कुणीतरी खाकरलं. त्यालाही पत्रच टाकायचं होतं.

“या, या,” म्हणत ग्रंथपाल बाजूला झाले आणि त्या गडबडीत हातातलं पाकीट सुटून पेटीत पडलं.