पाडसांच्या कानांची सुरी

मित्रांनो, मी एक म्हातारी सुरी आहे. माझे पाते दुमडत नाही, आणि इस्साकवरचा माझा राग अजून गेलेला नाही. तुम्हाला गोड गोष्ट हवी असेल, तर ती माझ्याकडे नाही.

हेइक्का लोहाराने मला घडवले. तळहाताच्या रुंदीएवढे लांब पाते, भूर्जाच्या गाठीची मूठ आणि रेनडियरच्या कातड्याचे म्यान. एका वसंतात राउना नावाची बाई त्याच्याकडे आली. सोबत तिचा थोरला दीर इस्साक होता. राउनाचा नवरा नुकत्याच सरलेल्या हिवाळ्यात तळ्याच्या बर्फाखाली गेला होता, आणि आता त्याचा रेनडियरचा कळप तिच्याकडे आला होता.

इस्साकने एक लांबलचक सुरा उचलून तिच्यापुढे धरला. "हा घे. धाक तरी बसेल कुणाला."

"मला पाडसांचे कान कापायचेत, भावजी. अस्वलं मारायची नाहीत."

तिने अकरा सुऱ्या हातात घेऊन पाहिल्या. प्रत्येकीने काठीची एक पातळ साल काढली, डोळे मिटून मूठ आवळली, टोक नखावर फिरवले. हेइक्का वैतागला. "बाई, सुरी विकायची आहे मला. लग्न नाही लावून द्यायचं."

"रोज कमरेला राहायची आहे ती," राउना म्हणाली. "नवऱ्यापेक्षा जास्त वेळ."

मग तिने मला घेतले. माझे टोक निमुळते होते, त्यामुळे इवल्याशा कानात वळवताना कातडी फाटत नसे.

मित्रांनो, आमच्याकडे पाडस ज्या मादीमागे धावते, त्या मादीच्या मालकाची खूण त्याच्या कानावर कापतात. राउनाची खूण म्हणजे डाव्या कानाच्या कडेला, टोकाजवळ दोन खोल खाचा. इस्साकची खूण म्हणजे त्याच कानाचे टोकच उडवलेले. भावाभावांच्या खुणा अशा शेजारी शेजारी असतात.

पाच उन्हाळे मी तिच्या कमरेला होते. कान कापले, मासे साफ केले, दोर तोडले, सुके मांस कापले. संध्याकाळी ती मला पुसायची आणि कातडी पट्ट्यावर चार वेळा घासायची. लोक म्हणायचे, राउनाचा काप दुरून ओळखू येतो. हे ऐकून मी फुगायचे, हे कबूल करते.

सहाव्या उन्हाळ्याच्या अखेरीस इस्साक तळ्यावर आला. "तुझी सुरी दे जरा. जाळं गुंतलंय."

राउनाने क्षणभर म्यानावर हात ठेवला. "संध्याकाळी परत द्या."

"खाऊन टाकत नाही तिला."

तो जाळ्याकडे गेलाच नाही. टेकडीमागच्या जुन्या कुंपणात त्याने राउनाच्या माद्या पाडसांसकट कोंडून ठेवल्या होत्या. त्याच्या स्वतःच्या सुऱ्याने कान फाटले असते, रक्त फार गेले असते आणि कुणाच्याही लक्षात आले असते. म्हणून त्याने मला मागून आणले होते. एकेक पाडस गुडघ्याखाली दाबून त्याने चौघांच्या कानांची टोके उडवली. राउनाच्या खाचा टोकासोबत गेल्यासारख्या दिसल्या. मी त्याच्या मुठीत होते आणि नेहमीसारखीच छान चालले. संध्याकाळी त्याने मला राउनाकडे परत दिले. त्या दिवशी मी बोथट का झाले नाही, असे मला अजून वाटते.

शरदात सगळे कळप मोठ्या कुंपणात आले. राउना फळीला टेकून पाहत होती. तिच्या चार माद्यांमागे इस्साकची खूण असलेली चार पाडसे धावत होती.

"भावजी, माझ्या माद्यांना तुमची पिल्लं कशी झाली?"

इस्साकने सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज काढला. "तूच चुकीची खूण केलीस. काप बघा किती साफ आहे. असा काप कुणाच्या सुरीचा, हे इथं सगळ्यांना माहीत आहे."

दोघेतिघे हसले.

"नवरा गेल्यापासून हिचं चित्त ठिकाणावर नाही," तो मुखिया ओउलाकडे वळला. "पाडसं ज्याची खूण त्याची. आणि हिच्याकडून खुणेचा हक्क काढून घ्या. कळप मी सांभाळतो."

मित्रांनो, ज्या कापाबद्दल मी फुगायचे, तोच काप तिच्या गळ्याशी आला होता. ओउला म्हातारा होता, पण घाईचा नव्हता. त्याने राउनाला विचारले, "तुझं काय म्हणणं आहे?"

राउनाने एक पाडस धरले, मला म्यानातून काढले आणि माझ्या टोकाने त्याच्या कानाच्या कडेचे केस अलगद बाजूला केले. इस्साकने टोक जरा आखूड कापले होते. खालच्या खाचेचा तळ तसाच राहिला होता, वाटाण्याएवढा.

"बोट फिरवा, ओउलाकाका."

ओउलाने अंगठा फिरवला. "इथं केस उगवलेत. ही जखम उन्हाळ्याच्या सुरुवातीची." मग अंगठा वर सरकला. "इथं अजून खपली आहे." त्याने उरलेले तिन्ही कान तपासले. नंतर विचारले, "राउना, मधे सुरी कुणाला दिली होतीस?"

तिने इस्साककडे नुसते पाहिले.

इस्साकने मला तिच्या हातातून हिसकावले, कुंपणाच्या खांबात खुपसले आणि पिळले. माझे टोक खांबातच राहिले.

"मोडून झालं असेल तर ऐक," ओउला म्हणाला. "चारही पाडसं तिची. आणि पुढचे तीन उन्हाळे तुझ्या पाडसांच्या खुणा दुसरा कुणीतरी कापेल."

राउना जिंकली, पण मला माझा वाटा मिळाला नाही. घरी जाऊन तिने मला न पुसताच खोपटातल्या खिळ्याला टांगले. त्याचा हात माझ्यावरून उतरत नाही, असे ती म्हणाली. चार वर्षे मी गंजले. कापले त्याने, आणि शिक्षा मला झाली. त्या काळात मला तिचाही राग आला, खोटे कशाला बोलू?

मग तिची नवी सुरी तळ्यात पडली, आणि तिने मला खाली काढले. सबंध दुपार दगडावर घासून तिने मला आखूड, पण नवे टोक दिले. ती माफी मागत नव्हती. तिला सुरी हवी होती, एवढेच.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी इस्साक तिच्या दारात आला. दात गेलेले, छातीत घरघर, घरी कुणी नाही. तिने त्याला बस म्हटले नाही, जा असेही म्हटले नाही. तिने सुके मांस काढले आणि माझ्याकडून इतके पातळ काप काढले की आरपार उजेड दिसावा. त्याच्यापुढे थाळी आदळली.

त्याने काप जिभेवर ठेवून भिजू दिले. मग म्हणाला, "त्या पाडसांचं..."

"खा आणि जा," राउना म्हणाली.

त्याने सगळे खाल्ले आणि तो गेला. मला त्याची दया आली नाही. राउनाला आली का, ते सांगता येत नाही. तिने थाळी तीन वेळा धुतली.

मित्रांनो, सुरी घ्याल तेव्हा राउनासारखा वेळ लावून घ्या. सुरीने काही उचकटू नका, तिला ओली ठेवू नका. कुणी मागितली, तर कशाला हवी ते विचारा, आणि त्याच्यासोबत जाऊन ते काम स्वतःच करून द्या. आणि कुणाच्या हातात तिच्याकडून वाईट झाले असेल, तर तिला खिळ्याला टांगू नका. आधी पुसा.