सारख्या उंचीचे तीन

चर्चच्या चिटणीसांनी टेबलावर पसरलेल्या पांढऱ्या कापडावर बोट ठेवून मोजलं. मग चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा मोजलं.

“मावशी, वधस्तंभ एकच सांगितला होता.”

“त्या टेकडीवर तीन होते,” मावशी म्हणाली.

वेदीवरच्या कापडाचं भरतकाम बावीस वर्षं तिच्याकडे होतं. चर्चमागच्या या खोलीत दर वर्षी ती कापड उलगडायची, चिटणीस “वा, वा” करायचे आणि पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, चहा मागवायचे. यंदा चहाचं नाव कुणी काढलं नव्हतं. पाळक खिडकीशी पाठमोरे उभे होते. मावशीच्या मुलाला शिक्षा झाल्यापासून मंडळीतल्या बायकाही तिच्याशी हवापाण्यापुरतंच बोलत.

“बरं, तीन तर तीन. पण सगळे एकाच उंचीचे? एकाच सोनेरी दोऱ्याचे? बाजूचे दोघं गुन्हेगार होते हो!”

“होते ना.”

“मग प्रभूचा कुठला, हे लोकांना कळणार कसं?”

“खिळे ठोकणाऱ्यांना तरी कुठे कळलं होतं? त्यांच्या लेखी तिघेही सारखेच.”

चिटणीसांनी आवाज खाली आणला.

“राग मानू नका, मावशी. लोक म्हणतील, मुलाची वकिली सुईदोऱ्याने चालवलीय. बाजूचे दोन उसवून टाका. रविवारला अजून चार दिवस आहेत.”

मावशीने पिशवीतली कात्री काढून त्यांच्यासमोर ठेवली.

“तुम्हीच उसवा. माझा हात नाही चालायचा.”

त्यांनी कात्री उचलली. टोक उजवीकडच्या वधस्तंभापाशी नेलं.

“थांबा. त्या दिवशी प्रभूबरोबर स्वर्गात पहिला कोण गेला? शिष्य गेले?”

“बाजूचा, शेवटच्या घटकेला पश्चात्ताप केलेला चोर,” चिटणीस पुटपुटले. उत्तर त्यांना लहानपणापासून पाठ होतं.

“माझ्या मुलाच्या गाडीखाली माणूस मेला,” मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण मान ताठ झाली. “तो घाबरून पळाला. सकाळी मात्र आपल्या पायांनी चौकीत गेला. वकील म्हणत होता, तोंड उघडू नकोस, सुटशील. त्याने सगळं सांगितलं. पळाला त्याची मला लाज वाटते, चिटणीस. परत फिरला त्याची नाही. त्या वधस्तंभाने नुसते सज्जनच तारले असते, तर मी कशाला डोळे फोडत बसले असते?”

चिटणीसांनी कात्री मिटून अलगद टेबलावर ठेवली.

पाळक खिडकीपासून वळले. त्यांनी कापडाचं एक टोक धरलं, दुसरं चिटणीसांनी. दोघं रिकाम्या चर्चमध्ये गेले आणि त्यांनी कापड वेदीवर अंथरलं. मावशी मागोमाग आली आणि तिने कडेची एक सुरकुती हाताने सरळ केली.

“तुरुंगात भेटीचा वार कुठला?” पाळकांनी विचारलं. मग खाली बघत म्हणाले, “हे विचारायला मला वर्ष लागलं.”

“शनिवार. आठपासून रांग लागते,” मावशी म्हणाली. “उशीर करू नका. तो वाट बघत दारापाशी उभा असतो.”